चैत्रगौर आणि पहिलीचा वर्ग

आज सकाळी पेपर उचलला तर त्यातून बातम्यांपेक्षा शाळाच जास्त बाहेर पडल्या. गुळगुळीत कागद, त्यावर निळंभोर आकाश, हिरवळ, आणि ज्यांच्यासारखी मुलं मी जबलपुरात उभ्या जन्मात पाहिली नाहीत अशी गोरीगोमटी मुलं हातात ग्लोब घेऊन हसताहेत. एका कागदावर घोडेस्वारी, दुसऱ्यावर पोहण्याचा तलाव, तिसऱ्यावर ‘आपके बच्चे का भविष्य, हमारी ज़िम्मेदारी’. आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, “यातून पेपर शोधून दे बाबा आधी.” मी ते कागद गोळा केले आणि रद्दीत टाकायच्या ऐवजी एकेक वाचत बसले. दरवर्षी वाचते. शेजारच्या दुकानात कोणता माल आला हे दुकानदार बघतो ना, तसं.

कारण मीही त्याच बाजारात बसलेली आहे. शहरात ओमती चौकाच्या मागे आमची एक जुनी मराठी मंडळींनी काढलेली शाळा आहे, तिथे मी शिकवते. राहते शहराबाहेर खमरियाला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. यांची नोकरी तिथली. सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की इकडून सायकली, मोटारसायकली आत जातात आणि मी स्कूटी काढून उलट्या दिशेनं शहराकडे निघते. कडुनिंब फुललेला असतो या दिवसांत. त्याचा तो कडवट गोड वास पहिल्या वळणापासून नाकात शिरतो आणि इस्टेटीच्या गेटपर्यंत सोडत नाही. सेमलचा, म्हणजे आपल्या सावरीचा, कापूस रस्त्यावर लोळत असतो. ऊन अजून बरं असतं, सकाळचं तरी. लोक म्हणतात काय सुंदर हवा असते चैत्रात. असेल. मी या हवेत पहिलीची डोकी मोजत असते.

आमच्याकडे एप्रिल लागला की नवं वर्ष सुरू होतं शाळांचं. म्हणजे परीक्षेचा निकाल, गुढीपाडवा, चैत्रगौर आणि प्रवेश, सगळं एकाच पानात वाढलेलं. विजेच्या खांबांवर फ्लेक्स चढतात. दहावीत, बारावीत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, एका रांगेत, मतदानाला उभे असल्यासारखे. परवा एका शाळेनं मैदानावर मोठा फुगा सोडला, त्यावर शाळेचं नाव. माझ्या मुलानं, सोहमनं, गच्चीवरून दाखवला. “आई, देखो ना, आपल्या घरातून दिसते!” पाहिला बाई. आमची शाळा तर तिच्या स्वतःच्या गल्लीतून दिसत नाही, समोर मोबाइलवाल्याचा बोर्ड आला आहे.

एके काळी तिथे जागा मिळायला ओळख लागायची म्हणे. फॅक्टरीतले, रेल्वेतले, सरकारी कचेऱ्यांतले झाडून सगळे मराठी लोक मुलं तिथे घालत. हिंदीतून शिकायचं, पण एक तास मराठीचा, आणि गणपतीचे दहा दिवस हॉलमध्ये नुसता कल्ला. मी लागले तेव्हा त्यातलं बरंचसं आटलं होतं. जे उरलं होतं ते आम्ही आपल्या हातानं संपवलं, दुसऱ्यांची नक्कल करता करता. शेजारच्या शाळेत टाय, म्हणून आमच्याकडे टाय. ते स्पोकन इंग्लिश घेतात, म्हणून आमचा मराठीचा तास गेला. मग एका उन्हाळ्यात पेंटर आला आणि नावाखाली ‘इंग्लिश मीडियम’ लिहून गेला. झालं! माध्यम बदललं, बाया त्याच राहिल्या. ज्या बाईंनी आयुष्यभर ‘सूर्य पूरब में निकलता है’ शिकवलं त्या एकदम ‘सन राइज़ेस’ म्हणू लागल्या, आणि मुलं आ वासून त्यांच्याकडे पाहू लागली. हसू येतं ना? तेव्हा आम्हालाही यायचं. स्टाफरूममध्ये पोट धरून हसायचो. आणि मग मोठ्या बाई आत यायच्या आणि आम्ही वह्या तपासायला घ्यायचो.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या नागपूरच्या, लग्न झालंच नाही, शाळेलाच दिलेल्या आहेत असं सगळे म्हणतात. मुलांचे टाय त्या स्वतः घरी नेऊन इस्त्री करून आणत. त्यांना बाजार कळत नव्हता असं नाही हं. उलट सगळ्यात आधी त्यांनाच कळला. दर मार्चमध्ये आम्हाला समोर बसवून म्हणायच्या, “पोरं आणा पोरं. बाकी सगळं मी पाहते. काहून नाही येणार पोरं? मागितल्याशिवाय कोणी देते का?”

मागायला आम्ही घरोघर जायचो. उन्हात, हातात पत्रकं घेऊन, जाळीच्या दारातून. “नमस्ते जी, बच्चा कितने साल का है?” आतून कोणीतरी म्हणायचं, “हो गया मॅडम, एडमिशन हो गया.” कुत्री भुंकायची. एका घरात तर तिथल्या बाईंनी आम्हाला साड्या विकणाऱ्या समजून रंग विचारले. त्यापेक्षा बरा मार्ग मोठ्या बाईंनीच काढला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू. “बाया घरी येतातच ना तुझ्या? पोरांना घेऊनच येतात. तिथं बसवून बोल. पन्हं दे, डाळ दे, आणि मग विचार.”

आता हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईकडच्या कोणाला वाटेल, काय बाई या, देवीच्या हळदीकुंकवात शाळेचा धंदा! पण मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर मोठी युक्ती वाटली.

दोन वर्षं झाली त्या चैत्राला. गौर पाळण्यात बसवली होती. समोर आरास, कलिंगडाचं कमळ कापलं होतं, फरशीवर चैत्रांगण काढलं होतं. कैरीच्या डाळीचा वास सगळ्या क्वार्टरभर. आमच्या लाइनीतल्या बाया आल्या, मागच्या लाइनीतल्या आल्या, गेटाबाहेरच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्याही आल्या. मोठ्या बाई शहरातून ऑटो करून आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आल्यागेल्या लेकरांच्या गालाला हात लावत होत्या. कोण पाच वर्षांचं, कोण सहा वर्षांचं, त्यांना नुसत्या बघून कळतं.

शीतल संध्याकाळी उशिरा आली. ही शीतल माझे ब्लाउज शिवते. माहेर छिंदवाड्याजवळच्या सौंसरकडचं, नवरा फॅक्टरीत ठेकेदाराकडे कामाला, गेटाबाहेर एका खोलीत संसार. हाताला धरलेली तिची पोर, रेवा. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि समोरचे दोन दात पडलेले. आली ती थेट पाळण्यापाशी गेली आणि गौरीला झोका देऊ लागली. जोरात. कलिंगडाचं कमळ घरंगळलं, बाया हसल्या, शीतल ओरडली, “अगं ए, देवी आहे ते!” रेवा म्हणाली, “मग? देवीला झोका नाही आवडत का?”

मी शीतलला विचारलं, “रेवाचं काय केलं या वर्षी?”

“तिथंच टाकाचं म्हणून राहिलो ना ताई, सोहमच्या शाळेत. बस येते गेटावर. यायनं टाय-बेल्टचं दुकान बी पाहून ठेवलं.” आणि मग माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहत म्हणाली, “तुमालेच पाहून तर म्हटलं. म्हटलं मॅडम आहेत, त्यायले तर समजतच असन कोणती शाळा चांगली आहे ते.”

हो. माझा सोहम त्या मोठ्या इंग्रजी शाळेत जातो. गुळगुळीत कागदावर पोहण्याचा तलाव आहे ना, त्याच शाळेत. कोणी बळजबरी केली नव्हती, यांनी नाही, सासूबाईंनी नाही. मीच गेले, मीच रांगेत उभी राहिले, आणि नाव लागलं तेव्हा मीच सगळ्यांना बर्फी वाटली. आमच्या शाळेतल्या कोणाही बाईचं मूल आमच्या शाळेत नाही. हे आम्ही एकमेकींना कधी बोलून दाखवत नाही, एवढंच. आमच्या शाळेत काय शिकवतात हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार!

तर शीतलनं मला पाहून शाळा निवडली होती. आणि मी तिला सांगायला निघाले होते की ती नको, ही घे.

कोपऱ्यातून मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या वर्षी पहिलीत पुरेशी मुलं आली नाहीत तर पहिली उघडायची नाही असं कमिटीनं ठरवलं होतं, आणि पहिली बंद म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी बंद, हे काही हिशेबानं मांडून सांगावं लागत नाही. मी शीतलला हळद लावली, कुंकू लावलं. तिनं पदर पुढे केला. मी भिजवलेल्या हरभऱ्यांची ओंजळ भरली, तिच्या पदरात टाकली, आणि हात मागे घेतलाच नाही. म्हटलं, “शीतल, गौरीसमोर मागते. रेवा मला दे.”

तिच्या मागे बाया रांगेत उभ्या. पदर पसरलेला, त्यात देवीचं दान पडलेलं. अशा वेळी आपल्याकडची बाई ‘नाही’ म्हणू शकत नाही. तिला म्हणताच येत नाही, मला ते माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी ती वेळ निवडली. वरून मी आणखी ओतलं, “मी माझ्या स्कूटीवर नेईन, मीच आणून सोडीन. पोटच्या पोरीसारखी.” शीतलनं एकदा गौरीकडे पाहिलं, एकदा रेवाकडे. म्हणाली, “चलो, ठीक आहे ताई. तुमी म्हणता तर.” तिचा आवाज जरा खाली गेला होता. मोठ्या बाईंनी कोपऱ्यात डोळे मिटले. मला वाटलं, जिंकले.

किती आनंद झाला होता मला त्या संध्याकाळी! गेलेल्या सगळ्या बायांच्या पेल्यांमध्ये उरलेलं पन्हं पाहूनही राग आला नाही.

एप्रिलभर पहिलीत चार डोकी दिसली. मग सुट्या लागल्या, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यातली बाकीची उडाली होती. कोणाला दुसऱ्या शाळेनं दप्तर आणि सायकल दिली, कोणाचे वडील बदलून गेले, काव्या नावाची एक फार गोड मुलगी होती, तिच्या आईनं फोनच उचलला नाही. राहिली ती रेवा. तिची आई शब्द देऊन बसली होती ना.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, हिला दुसरीत बसवू, एकटी काय करेल? त्या म्हणाल्या, “दुसरीत बसवलं तर पहिली बंद झाली असं दिसंन. दुसरीच्या मायबापांना समजलं तर ते बी काढतीन. कमिटीला एप्रिलची चार नावं दिली आहेत, एक वर्ष काढ कसंतरी. पहिलीच्या वर्गाला रस्त्याकडची खोली दे. आणि जरा मोठ्यानं शिकव.” मी वाद घातला असं सांगायला मला आवडलं असतं.

तर रस्त्याकडच्या खोलीत, उघड्या खिडकीशी, मी वर्षभर मोठ्यानं शिकवलं. खाली ओमतीची गर्दी, ऑटो, हातगाड्या, पोलीस ठाण्याकडे निघालेली भांडणं. कोणा जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, वर वर्ग भरला आहे. “चला मुलांनो, सगळ्यांनी म्हणा!” आणि सगळ्यांच्या वतीनं रेवा म्हणायची. दोन एके दोन. पहिल्या दिवशी तिनं मागे वळून पाहिलं होतं, आणखी कोण आहे म्हणून. मग वळणं सोडलं. काही दिवसांनी तर तिनं तो सामुदायिक हेल बरोबर उचलला, शेवटचा शब्द लांबवायचा, दम घ्यायचा, पुन्हा एकदम सुरू करायचं. एवढीशी पोर, आणि आवाज अख्ख्या वर्गाचा.

हजेरीला मी तिचं नाव घ्यायची आणि वही मिटायची. तिला मॉनिटर व्हायचं होतं, केलं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची असतात हे तिला दुसरीतल्या मुलींनी सांगितलं होतं. मी पाणी प्यायला गेले आणि परत आले तर फळ्यावर तिनं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. “मी बोलत होती, मॅडम.” कोणाशी गं? ती हसली, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली.

पण सगळ्यात वाईट दिवे जायचे तेव्हा वाटायचं. दुपारी पंखा हळू हळू थांबायचा आणि शेजारच्या वर्गातून मुलांचा एकच गलका उठायचा, “ओऽऽऽ!” सगळ्या शाळांमध्ये उठतो तसा. आपण सगळ्यांनीच केलेला आहे तो गलका, त्यात काय मजा असते ते सांगता येत नाही. रेवा कान देऊन ऐकायची आणि मग अगदी लहान आवाजात म्हणायची, “ओ.” आणि माझ्याकडे बघायची. एकदा मीही तिच्याबरोबर म्हटलं. ती इतकी खूश झाली की मला उठून खिडकीत जावं लागलं.

मधल्या सुटीत ती दुसरीतल्या मुलींच्या कडेला उभी राहायची. त्यांच्या जोड्या जमलेल्या होत्या. हिला कधीमधी राज्य द्यायला घ्यायच्या.

संध्याकाळी मी तिला गेटाबाहेरच्या खोलीवर सोडायची. स्कूटी बंद करायची नाही, पाय टेकून उभी राहायची. शीतल मशीनवरून मान वर करून विचारायची, “काय केलं आज शाळेत?” आणि रेवा सांगायची, “काव्यानं आज मला रबर दिलं. काव्या आणि मी डबा खाल्ला.” जून-जुलैत सांगायची, दिवाळीनंतरही सांगायची. शीतल हसायची, “लय जमते हिचं त्या काव्याशी!” मी हेल्मेट घातलेली. एक वाक्य बोलायचं होतं. इंजिन चालू होतं, घरी सोहमचा अभ्यास होता, दूध आणायचं होतं, आणि रोज काहीतरी होतंच. पोरांचा खेळ आहे, कशाला मोडा, असंही मी मनाला समजावलं. आपण शिकलेल्या बायका मनाला फार लवकर समजावतो.

आणि खरं सांगते, शिकली ती. एकाच पोरीला शिकवायला मिळणं ही काय साधी गोष्ट आहे का! गोष्टी वाचायची, घड्याळ बघायची, वजाबाकीत हातचा घ्यायची. मी मोठ्या शाळेच्या पालकसभेला जाते तेव्हा सोहमच्या बाईंना सोहम कोणता हे आठवायला क्षणभर लागतो, आणि इकडे रेवाची दाढ दुखतेय हे मला तिच्या ‘प्रेझेंट मॅडम’वरून कळायचं. म्हणून कोणी म्हटलं की मोठी तेवढी चांगली, तर मी आजही भांडेन. पण पहिलीतल्या पोरीला नुसती बाई पुरत नाही. तिला भांडायला, रुसायला, कॉपी करायला, हरायला कोणीतरी लागतं. हे आम्हाला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

कोणाची चूक म्हणायची? काव्याच्या आईनं काव्याचं भलं पाहिलं. मी सोहमचं पाहिलं. मोठ्या बाईंनी शाळेचं पाहिलं. प्रत्येकीनं आपलं माणूस घट्ट धरलं, आणि या सगळ्या धराधरीत ज्या पोरीच्या आईला ‘नाही’ म्हणता आलं नाही ती एकटी त्या खोलीत राहिली. निवड, निवड म्हणतात. शीतलनं निवडलं होतं की! तिची निवड तिच्या पदरातून मी काढून घेतली.

मार्च आला. मोठ्या बाईंनी फ्लेक्स करायला टाकला. सगळ्या शाळांचे असतात, आपला नको? त्यावर दुसरीपासून पाचवीपर्यंतचे पहिले नंबर, आणि सुरुवातीला, लाल रिबिनीतली रेवा. ‘कक्षा पहली में प्रथम’. फोटो मीच काढला होता. यात खोटं काय होतं? आलीच होती प्रथम.

शीतलनं तो फ्लेक्स कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. निकालाच्या दिवशी ती न सांगता शाळेत आली. पहिल्यांदाच. मोरपिशी साडी नेसलेली, केसात गजरा, आणि हातात खोव्याच्या जलेबीचा मोठा पुडा, तुपानं कागद डागाळलेला. जिन्यातूनच तिचा आवाज आला, “रेवाचा वर्ग कोणता जी?” मी खोलीत होते. उठून दारापर्यंत जायला हवं होतं, गेले नाही. ती आत आली.

तिनं बाकांवरून नजर फिरवली. पहिल्या बाकावर रेवा पाय हलवत बसली होती. बाकी बाकं भिंतीला लावलेली, त्यांवर धूळ.

“बाकीचे सुटले काय, ताई?” तिनं विचारलं. “मी म्हटलं वर्गात वाटाव.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात रेवाच बोलली, अगदी सहज, “मम्मी, मी एकटीच तर आहे.”

“आन् काव्या?”

रेवानं माझ्याकडे पाहिलं. कोणाला तरी सांभाळून घ्यावं तसं. “काव्या गेली ना. मागेच.”

खाली ऑटोवाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. शीतल पुडा छातीशी धरून उभी राहिली. मला वाटलं आता ही बोलेल, बोल बाई, वाट्टेल ते बोल. ती रेवाजवळ गेली, तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली. खूप वेळ बांधत होती. मग पुडा उघडला आणि पहिली जलेबी माझ्यासमोर धरली. “घ्या ताई. पहिला नंबर आला पोरीचा.” मी घेतली. काय करणार होते? चावली, गिळली. मग ती दुसरीत गेली, तिसरीत गेली, प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक ठेवत गेली, मोठ्या बाईंच्या पाया पडली. जाताना एवढंच म्हणाली, “मले सांगाचं तर होतं, ताई. एवढ्या तर रोज दारावर येत होत्या तुमी.”

त्या संध्याकाळी रेवा माझ्या स्कूटीवर बसली नाही. आईबरोबर ऑटोनं गेली.

पुढे शीतलनं तिला सोहमच्या शाळेत नेलं. तिथे मुलाखत म्हणत नाहीत, इंटरॅक्शन म्हणतात. रेवाला इंग्रजीत आवडता प्राणी विचारला. आमच्या बोर्डावर पेंटरनं लिहिलेलं इंग्रजी तिला तिथे उपयोगी पडलं नाही. ‘बच्ची होशियार है, पर फाउंडेशन कमज़ोर है,’ म्हणाले आणि पुन्हा पहिलीत घेतली. तिच्या आयुष्यातलं एक अख्खं वर्ष गेलं. कोणाच्या घरी गेलं, कोणाच्या खिडकीत गेलं, ते मला माहीत आहे.

ब्लाउज अजूनही शीतलच शिवते. माप घेते, खुणा करते, ‘मंगळवारी देते’ म्हणते. ताईही म्हणते. पूर्वी माप घेता घेता सौंसरच्या गोष्टी सांगायची, त्या आता सांगत नाही. मी तोंड वर करून काय विचारणार. गेलं वर्षभर मी सकाळी मागच्या गेटानं जाते. लांब पडतं, पण पुढच्या गेटावर शाळेच्या बस लागतात.

परवा मोठ्या बाईंचा फोन आला. थकलाय आता त्यांचा आवाज. “हळदीकुंकू कधी ठेवून राहिली? पहिलीसाठी पाहावं लागंन ना यंदा.” मी म्हटलं, सांगते बाई. अजून सांगितलेलं नाही. त्या वाट पाहत असतील, टायला इस्त्री करत असतील. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि गौर पाळण्यात बसवायची म्हटलं की हात उचलत नाही. कैऱ्या आणून ठेवल्या आहेत, त्या पिवळ्या पडत चालल्या.

आज मागचा रस्ता खणून ठेवला होता पाइपासाठी. स्कूटी वळवून पुढच्या गेटानं यावं लागलं. बसची वेळ. पोरांचा नुसता बाजार भरलेला, पाण्याच्या बाटल्या, ढकलाढकली, कोणी रडतंय, कोणी कोणाच्या दप्तराला लटकलंय. मी मान खाली घालून निघाले तर त्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “मॅडम!” आणि रेवा धावत आली. उंच झाली आहे. दात आलेत. टाय मानेवर मागे फिरलेला, गुडघ्याला खरचटलेलं. अशी बिलगली स्कूटीला, जणू काही झालंच नाही.

शिक्षकाला सुचतो तोच प्रश्न तोंडातून आला. म्हटलं, “कशी आहे गं नवी शाळा?”

मागून दोघी-तिघी तिला हाका मारत होत्या, एकीनं तर तिचा टाय धरून ओढायला सुरुवातही केली होती. रेवानं तो सोडवला, माझ्याकडे वळली आणि हसत हसत म्हणाली, “चांगली आहे, मॅडम. तिथं पोरं आहेत.”